आजीची सुभद्रा आणि मळवलीचा दगड

आजीच्या माजघरात अर्जुन-सुभद्रेची तसबीर होती. यतीच्या वेषातला, दाढी वाढवलेला अर्जुन, आणि हात त्याच्या हातात असताना मान वळवून लाजलेली सुभद्रा. आजी तांदूळ निवडताना सौभद्रातली पदं गुणगुणायची, त्यामुळे लहानपणी मला वाटायचं की ही पदं त्या चित्रातूनच येतात. पुढे मी पेंटिंगचं शिक्षण घेतलं. दुसऱ्या वर्षाला असताना माझ्या एका कामासमोर उभे राहून सर म्हणाले, “हे कॅलेंडर झालं.” वर्गात त्याहून वाईट शब्द नव्हता. त्या सुट्टीत आजीकडे गेले तेव्हा मी तसबिरीकडे पाहिलंच नाही. ते न पाहणं पंचवीस वर्षं टिकलं.

गेल्या दिवाळीत तसबिरीची काच तडकली. चौकट बदलायला दिली, तेव्हा फ्रेमवाल्याने मागची फळी काढून चित्र माझ्यासमोर धरलं. चौकटीच्या लाकडाखाली इतकी वर्षं दबलेली पांढरी पट्टी बाहेर आली होती. तिच्यावर बारीक इंग्रजी अक्षरं होती : रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा. माझी लेक सई उपयोजित कलेच्या पहिल्या वर्षाला आहे. तिने भिंग लावून सुभद्रेचा गाल पाहिला आणि ओरडली, “आई, हे सगळे ठिपके आहेत. हाताने काढलेले ठिपके!”

तिथेच हा प्रवास ठरला. जानेवारीतले पाच दिवस, आम्ही दोघी, आणि पर्समध्ये ते भिंग.

पहिला दिवस : बडोदा

रात्रीच्या गाडीने पहाटे उतरलो. स्टेशनाबाहेर शेव-उसळ खाल्ली आणि उघडायच्या वेळेला लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात पोहोचलो. महाराजा फतेसिंह संग्रहालय तिथेच, एका वेगळ्या इमारतीत आहे. पूर्वी ती राजघराण्यातल्या मुलांची शाळा होती. आत पाऊल टाकल्यावर थोडा वेळ मला काहीच बोलता आलं नाही.

सयाजीराव महाराजांनी 1888 साली रविवर्म्याकडे रामायण-महाभारतातल्या चौदा चित्रांची मागणी नोंदवली. 1890 पर्यंत ती पूर्ण झाली. बडोद्याला लागण्याआधी ती मुंबईतही दाखवली गेली आणि लोकांची रीघ लागली. नल-दमयंती, शंतनू-मत्स्यगंधा, हरिश्चंद्र-तारामती, आणि आमची सुभद्रा. ‘सीता भूमिप्रवेश’ त्याआधीचं, 1880 सालचं.

छापील चित्रं पाहत वाढलेल्या डोळ्यांना मूळ तैलचित्रासमोर पहिल्यांदा अंधार जाणवतो. माझ्या मनातली सुभद्रा उजळ आणि स्वच्छ कडांची होती. इथे कडा विरघळतात. मानेवरची सावली केसांत कुठे शिरते ते बोट ठेवून सांगता येत नाही. दागिन्यांच्या जागी मात्र रंग जाड आहे, कुंचला टेकवून उचललेला आहे. दोन पावलं मागे गेलं की तो सोनं होतो, जवळ गेलं की नुसता पिवळा लगदा. हे अंतर छापील चित्रात नसतं. ते एकाच अंतरावरून पाहायचं असतं : माजघराच्या भिंतीपासून तांदूळ निवडणाऱ्या बाईपर्यंत.

हे मी सईला सांगत होते. ती ऐकत होती, पण तिच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं.

“आई, विषय राजानं ठरवले?”

“राजानं आणि चित्रकारानं मिळून, म्हण हवं तर.”

“भिंत ठरलेली. संख्या ठरलेली. मोबदला ठरलेला. मग हे कमिशनच की गं. आम्हाला ब्रीफ देतात तसं.”

मी तिला कलेतल्या स्वातंत्र्याबद्दल काहीतरी सांगायला गेले, पण वाक्य पूर्ण होईना, कारण ती बरोबर बोलत होती. समोरची चौदाही चित्रं कोणाच्या तरी मागणीवरून काढलेली होती. युरोपातल्या चर्चमधली चित्रं मागणीवरूनच झाली, आणि लघुचित्रांची अख्खी घराणी दरबारांवर जगली. मला कॉलेजात शिकवलेली ‘शुद्ध’ आणि ‘धंदेवाईक’ यांच्यातली भिंत या दालनात तरी कुठे दिसेना.

सगळीच चित्रं मला सारखी आवडली असं नाही. काही पुरुष रंगभूमीवर पद म्हणायला उभे राहावेत तसे अवघडून उभे आहेत. पण ‘नल-दमयंती’मध्ये निजलेल्या बायकोला सोडून निघालेल्या नलाची जी घालमेल आहे, तिच्यापुढे मी बराच वेळ बसून होते. पहाऱ्यावरच्या काकांनी आपली खुर्ची मला दिली आणि मराठीत विचारलं, “पुण्याचे का?” बडोद्यात मराठीने असं अचानक भेटण्याची मला सवय आहे, तरी दर वेळी बरं वाटतं.

आपली चित्रं छापून घ्यावीत, ही सूचना रविवर्म्याला बडोद्याचे माजी दिवाण टी. माधवराव यांनी केली होती. मागणी इतकी आहे की दोन हातांनी पुरी होणार नाही, तेव्हा निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांचे ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखे दिसणारे रंगीत छाप, करून घ्या, असं त्यांचं म्हणणं होतं. रविवर्म्याने पुढे छापखानाच काढला. राजवाड्यात ज्यांना प्रवेश नाही त्यांच्या घरी चित्र जावं, असा तो विचार होता. माझ्या आजीने आयुष्यात बडोदं पाहिलं नाही, पण बडोद्याची सुभद्रा तिच्या भिंतीवर होती.

दुसरा दिवस : मुंबई

सकाळच्या गाडीने मुंबई. जे. जे. या कलाशाळेचं वार्षिक प्रदर्शन चालू होतं, म्हणून हे दिवस निवडले होते. सीएसएमटीवरून चालत निघालं की रस्त्याचा गोंगाट आवाराच्या झाडांत शिरता शिरता मऊ होतो. 1857 साली सुरू झालेली ही शाळा. इथे 1935 साली कमर्शियल आर्टचा, म्हणजे सई शिकते त्या उपयोजित कलेचा, विभाग निघाला आणि पुढे 1961 मध्ये त्याचं स्वतंत्र महाविद्यालय झालं. आज दोन्ही इमारती एकाच आवारात आहेत. दोन्हींकडची मुलं एकाच टपरीवर चहा पितात.

या आवाराचा विचार केला की मला महादेव विश्वनाथ धुरंधरच आठवतात. कोल्हापूरचे. जन्म 1867 चा. 1890 साली इथे विद्यार्थी म्हणून आले, इथेच शिक्षक झाले, पुढे संचालकपदावर बसणारे पहिले भारतीय ठरले. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ असं आहे. 1895 साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळवलेला हा माणूस आयुष्यभर पोस्टकार्डं काढत राहिला, पुस्तकांत चित्रं काढत राहिला. किंकेड या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या व्रतवैकल्यांच्या कहाण्या इंग्रजीत आणल्या, ते पुस्तक 1914 साली निघालं. त्यातली चित्रं धुरंधरांची आहेत.

दुपारी गिरगावात एका ओळखीच्या संग्राहकांकडे गेलो. त्यांनी टेबलावर मऊ फडकं पसरलं आणि त्यावर धुरंधरांची पोस्टकार्डं एकेक करून मांडली. मुंबईच्या रस्त्यावरची माणसं आहेत ती. हातभर कागदही नाही, पण एका बाईने नऊवारीचा घोळ सावरत पाऊल उचललंय, त्या पावलात सगळं शरीर आहे. वजन कोणत्या टाचेवर आहे ते कळतं. मी शाळेत मुलांना चित्रकला शिकवते. उभं माणूस काढायला शिकवणं किती अवघड आहे, ते मला विचारा. चालतं माणूस त्याहून अवघड. आणि इथे टपाल तिकिटाशेजारी, पैशांत विकल्या जाणाऱ्या कागदावर, ते सहज चाललंय.

“सुवर्णपदकवाल्या चित्राला जेवढं ड्रॉइंग लागलं असेल, तेवढंच इथे आहे,” संग्राहक काका म्हणाले. “कमी नाही. फक्त जागा कमी.”

मग त्यांनी जुने दिवाळी अंक काढले. 1909 साली ‘मनोरंजन’च्या काशिनाथ रघुनाथ मित्रांनी पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात वर्षाला एकदा चित्रांचं नवं पान उघडतं. त्यात दीनानाथ दलालांचा ‘दीपावली’ हे माझं बालपण. दलाल जे. जे.मध्येच शिकले, 1945 मध्ये त्यांनी स्वतःचा अंक सुरू केला आणि 1971 मध्ये ते गेले. त्यांच्या मुखपृष्ठाकडे मी पहिल्यांदाच शिकलेल्या डोळ्यांनी पाहत होते. सपाट रंगाचा एक मोठा भाग, त्याला कापत जाणारी एकच वळणदार रेषा, आणि अक्षरांसाठी मोकळी सोडलेली जागा. ती मोकळी जागासुद्धा त्यांनी आखलेली आहे. नाव काढून टाकलं तर चित्र कलंडेल. सईने लगेच कागद काढून रचना टिपली. चित्रकार रघुवीर मुळगावकरांच्या अंकांवर मात्र आमचं पटलं नाही. स्प्रेने आणलेली ती मुलायम त्वचा तिला फार आवडली. मला त्या मुलायमपणात माणूस निसटल्यासारखा वाटतो. काकांनी दोघींना चहा दिला आणि अंक बंद केले.

तिसरा दिवस : मळवली

लोणावळा-पुणे लोकलचं छोटं स्टेशन. इथे लोक भाजे-कार्ल्याची लेणी पाहायला उतरतात, आम्हीही भाजे चढून आलो. पण माझं मन खाली, रुळांच्या आसपासच होतं. 1894 साली मुंबईत सुरू झालेला रविवर्म्याचा छापखाना 1899 मध्ये या मावळात आला. प्लेगने तेव्हा मुंबई उठवली होती. पुढे तो त्यातल्या जर्मन तंत्रज्ञाने, फ्रिट्झ श्लायशर याने, विकत घेतला आणि चालवला. आपले दादासाहेब फाळके सिनेमाच्या आधी या छापखान्यासाठी काम करत होते.

स्टेशनाच्या बाकावर बसून मी सईला शिळाछाप समजावली. कॉलेजात एकदाच केली होती, पण हात विसरत नाहीत. बव्हेरियाचा चुनखडीचा दगड, घासून आरशासारखा सपाट केलेला. त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचं. मग डिंक आणि सौम्य आम्ल. दगड ओला केला की पाणी कोऱ्या जागी बसतं, शाई तेलकट जागी. एका रंगाला एक दगड. गालाला जेवढे रंग तेवढे दगड, आणि प्रत्येक छाप आधीच्या छापावर केसभरही न सरकता बसला पाहिजे. शेवटी वॉर्निश, आणि कागदावर कॅनव्हासचा पोत उठवणं, म्हणजे तैलचित्राचा भास होतो.

“म्हणजे रविवर्म्यानं फक्त मूळ चित्र काढलं,” सई म्हणाली. “दगडावर कोणी काढलं?”

मला एकाचंही नाव सांगता आलं नाही. खाली रविवर्म्याचं नाव आणि प्रेसचं नाव. पण बडोद्यातल्या त्या विरघळणाऱ्या सावलीचे सुटे रंग करून, कोणत्या दगडावर किती दाट ठिपके द्यायचे हे ठरवणारा माणूस कोणीतरी होता. तेलरंगात जे कुंचल्याच्या एका फिरवणीत होतं ते त्याने हजारो टिंबांत पुन्हा रचलं. त्यासाठी त्याला चित्र समजलेलं असलं पाहिजे. आजीची सुभद्रा निम्मी त्याची आहे.

लोकल आली. पुण्यात बहिणीकडे मुक्काम.

चौथा दिवस : औंध

हे सातारा जिल्ह्यातलं औंध, यमाईचं. पुण्याच्या औंधचं नाव घेतलं की फोनवर गोंधळ होतो, म्हणून आधी सांगितलेलं बरं. डोंगरावर मूळपीठाची यमाई आणि त्याच डोंगराच्या उतारावर श्रीभवानी चित्रसंग्रहालय. एवढ्याशा गावात एवढा संग्रह कसा, याचं उत्तर एकच : बाळासाहेब पंतप्रतिनिधी. संस्थानचे राजे, कीर्तनकार, सूर्यनमस्काराचे प्रचारक आणि स्वतः चित्रकार. 1938 मध्ये त्यांनी हे संग्रहालय उभारलं. रविवर्मा आहे, धुरंधर आहेत, बाबूराव पेंटर आहेत, युरोपीय चित्रांच्या प्रती आहेत. आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं दगडातलं ‘माता आणि बालक’ही आहे. परदेशात ज्याच्यासाठी रांगा लागतात ते शिल्प इथे शाळेची सहल मुकाट्याने पाहून पुढे सरकते, हे पाहून मला गलबलून आलं. त्या मुलांना थांबवून मी दोन मिनिटं बोलले. त्यांच्या बाईंनीही बोलू दिलं.

बाळासाहेबांनी स्वतः रामायणाची चित्रं काढली आणि ती छापून पुस्तक केलं. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी मदत केली, तिच्यासाठी चित्रंही काढली. त्यांचा हात रविवर्म्याएवढा तयार नाही, हे स्पष्ट दिसतं. शरीरं कधी ताठरतात. पण गोष्ट नीट कळावी ही कळकळ प्रत्येक चौकटीत आहे; कीर्तनकार समोरच्या शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोहोचवतो तशी.

संध्याकाळी रहिमतपूरहून कोल्हापूरची गाडी पकडली. वाटेत किर्लोस्करवाडीची पाटी आली आणि मी सईला खिडकीशी ओढलं. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हायला जे. जे.त गेले होते. डोळ्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत असं कळल्यावर रंग सोडून ते यांत्रिक रेखनाकडे वळले. पुढे नांगराचा कारखाना काढायला जागा हवी होती, ती 1910 साली याच औंधच्या राजाने दिली. आणि या वाडीतून 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. सुरुवातीला ते कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत नेणारं पत्र होतं. ते चालवणारे शंकरराव स्वतः चित्रकार. त्या जाहिरातपत्राचं पुढे महाराष्ट्राने वाट पाहून वाचावं असं मासिक झालं.

“नांगराची जाहिरात,” सई पुटपुटली. तिला मागच्या महिन्यात पाण्याच्या पंपाच्या जाहिरातीचं काम दिलं होतं आणि तिने ते कसंबसं उरकलं होतं. वहीत काहीतरी लिहून तिने वही मिटली.

पाचवा दिवस : कोल्हापूर

सकाळी टाऊन हॉल संग्रहालय. ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तू लोक पाहतात, आम्ही थेट चित्रांकडे गेलो. आबालाल रहिमान. जे. जे.मध्ये शिकले, 1888 साली व्हाइसरॉयचं सुवर्णपदक मिळवलं, आणि मुंबईत न राहता कोल्हापूरला परतले. शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. रंकाळा, कोटितीर्थ, तिथलं पाणी, झाडं, धुकं. या माणसाने विकण्यासाठी चित्रं काढली नाहीत असं म्हणता येईल, आणि त्यांचं काम पाहताना माझा श्वास मंदावतो. दोन दिवस छापील चित्रांची बाजू घेत फिरल्यावर इथे उभं राहून मला हेही म्हणावंसं वाटलं की असं पाणी छापता येत नाही. त्यासाठी त्या कागदासमोर यावंच लागतं.

तिथून खरी कॉर्नरला. चौकात दगडी कॅमेरा उभा आहे, बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची खूण. बाबूराव आणि त्यांचे आतेभाऊ आनंदराव यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवून नाव कमावलं होतं. आनंदराव 1916 मध्ये गेले, बाबूरावांनी 1918 मध्ये कंपनी काढली, कॅमेराही स्वतः तयार केला. चित्रपटाची पोस्टरं स्वतः रंगवली. ‘कल्याण खजिना’चं 1924 सालचं पोस्टर आजही टिकून आहे. पडदा, तैलचित्र, पोस्टर, पुतळा, सिनेमा, सगळीकडे एकच हात. औंधला त्यांचं चित्र पाहताना आपण कोणत्या खान्यात उभे आहोत हे मला आठवलंसुद्धा नव्हतं.

दुपारी फ्रेमवाल्याच्या ओळखीने एका म्हाताऱ्या बॅनर पेंटरांकडे गेलो. ऐंशीला टेकलेले. घरासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये आता फक्त दुकानाच्या दोन पाट्या वाळत होत्या. डिजिटल फ्लेक्स आल्यापासून कापडावरचं काम संपलं. पण हाताची बोटं अजून ब्रश धरल्यासारखी वळलेली.

“या ताई, बसा. सिनेमाचं बॅनर कसं करायचो व्हय? छोट्या फोटूवर चौकटी आखायच्या, कापडावर मोठ्या चौकटी आखायच्या, कोळशानं उतरवायचं. पावडरचा रंग, जवसाचं तेल. कपडे, आकाश पोरांनी करायचं. चेहरा वस्तादानं. डोळं शेवटाला.”

“शेवटी का?” सईने विचारलं.

“डोळं लावलं की चित्र बघाय लागतंय आपल्याकडं. मग हात लावायची छाती होत न्हाई.”

सईने फोनवर आजीच्या सुभद्रेचा भिंगाखाली काढलेला फोटो दाखवला. सगळे ठिपके. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन डोळ्यांजवळ नेला. मी त्यांना दगडाचं सांगितलं, एका रंगाला एक दगड, आणि छाप कागदावर उलटा येतो म्हणून दगडावर सगळं आरशातल्यासारखं काढावं लागायचं.

“उलटं?” ते बराच वेळ फोटोकडे पाहत राहिले. “म्हंजी डावा डोळा उजवीकडं, लाजणं बी उलट्या अंगाला. आन इकडं कागदावर सुलटं लाजली पायजे.”

“हो.”

“आमी असलं काय केलं न्हाई बघा.” त्यांनी बाजूचं वर्तमानपत्र ओढलं, कोऱ्या जाहिरातीच्या जागेवर कोळशाचा तुकडा टेकवला आणि सुभद्रेचा डोळा उलट्या बाजूने काढायला घेतला. पहिली पापणी चुकली. त्यांनी अंगठ्याने ती पुसली. दुसरी जमली, तशी सईने आपली वही उघडली आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून तोच डोळा, तसाच उलटा, ठिपक्यांनी भरायला सुरुवात केली.